पंचवीस माणसांचा उठावना

आमचे दत्ताकाका मागच्या वर्षी वारले. उठावना रविवारी दुपारी चारला होता, आणि सव्वाचारला काकांनी स्वतः बाहेर येऊन सगळ्यांचे आभार मानले.

या गोष्टीत माझी चूक नव्हती असं मी वर्षभर सांगत फिरतोय. आतापर्यंत कुणी मानलेलं नाही. तुम्हीच वाचून ठरवा.

काकांचं एक दैवत आहे, दिलरंजन. सिनेमातला जुना हीरो. तो कधीच गेला, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण काकांच्या लेखी तो दर वर्षी नव्याने जातो. आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आजोबा शाळामास्तर, काका पाणी खात्यातून रिटायर. चार पिढ्यांत आमच्या घराण्याचा आणि सिनेमाचा संबंध आला तो एकदाच, आणि तोही रेल्वे स्टेशनवर. दिलरंजन कुठल्याशा शूटिंगला चालला होता, गाडी इंदुरात थांबली, त्याने खिडकीत बसून केस विंचरले आणि कंगवा निसटून प्लॅटफॉर्मवर पडला. गाडी सुटली. कंगवा काकांच्या हातात राहिला.

त्या कंगव्याचे दोन दात तुटलेले आहेत. काका सांगतात, ते दिलरंजनच्या केसांत तुटले, इतके दाट होते. (काकू म्हणते, फलाटावर पडून तुटले. काकू गेली चाळीस वर्षं हे म्हणते आहे आणि काकांना ते गेली चाळीस वर्षं ऐकू आलेलं नाही.)

तर दर वर्षी पुण्यतिथीच्या आधी काका तीन दिवस सुतक पाळतात. घराबाहेर पडत नाहीत, मोबाइल बंद. शेवटच्या दिवशी सकाळपासून मौन, आतल्या खोलीत दार लावून. दुपारी चार वाजता हॉलमध्ये दिलरंजनचा उठावना. इंदुरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतोच. पांढरी चादर, हार घातलेला फोटो, दहा मिनिटं हात जोडून बसायचं, घरच्यांना भेटायचं आणि निघायचं. इथला माणूस एक वेळ लग्न चुकवेल, उठावना चुकवणार नाही. (लग्नाला गेला नाहीत तर यजमान विसरतो. उठावन्याला गेला नाहीत तर सगळी कॉलनी लक्षात ठेवते.) मंडळी जमली की सव्वाचारला काका पांढरा सूट आणि गळ्यात रुमाल अशा थाटात, त्याच कंगव्याने कपाळावर बट काढून बाहेर येतात, मखमलीवर कंगवा ठेवतात, सगळे नमस्कार करतात. मग साबूदाणा खिचडी, वरून शेव.

एके काळी याला शंभर माणूस असायचं. मग दिलरंजनचे भक्त एकेक करून दिलरंजनकडेच गेले. काका 'वारले' त्याच्या आदल्या वर्षी चार जण आले. त्यातला एक विजेचं मीटर बघायला आला होता.

त्या दिवशी काकांनी खिचडी खाल्ली नाही. मला म्हणाले, "सुध्या, आता बस झालं. पुढच्या वर्षी पंचवीस माणसं आली तर ठीक. नाही तर ओंकारेश्वरला जाऊन कंगवा नर्मदेत सोडून येईन."

"काका, कंगवा?"

"अस्थी सोडतात की नाही? मग. माझ्यामागे त्याला कोण बघणार? तुझी काकू टाकेल मोरीत."

"मोरीत नाही टाकणार," काकू आतून म्हणाली. "घाण होईल मोरी."

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, पुढच्या वर्षीची जबाबदारी माझी. मी कंप्युटर शिकवतो पॉलिटेक्निकमध्ये. पंचवीस काय, पंचवीस म्हणजे काहीच नाही."

हे माझं वाक्य कॉलनीत अजून लोक म्हणून दाखवतात.

वर्षभर मी काही केलं नाही. (पॉलिटेक्निकमध्येही माझी हीच पद्धत आहे.) शनिवारी संध्याकाळी आठवलं. काकूकडून काकांचा अल्बम मागून आणला. दिलरंजनचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही, आणि दर वर्षीच्या जुन्या फोटोत आता बट सोडून काही दिसत नाही, पण अल्बम उघडल्यावर काही प्रश्नच आला नाही. पहिल्या पानावर तो गाडीत बसलेला, धूसर. दुसऱ्या पानावर पाठमोरा. आणि तिसऱ्या पानावर, वा! हनुवटीखाली हात, गळ्यात रुमाल, कपाळावर ती बट, नजर दूर कुठेतरी. मी मनात म्हणालो, याला म्हणतात हीरो. काका वेडे झाले त्यात नवल नाही. फोटो स्कॅन केला, डाग काढले, रंग भरले, गालावर थोडी लाली दिली आणि खाली मजकूर टाकला:

"अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि हम सबके लाड़ले अब हमारे बीच नहीं रहे. उठावना आज शाम ४ बजे. शोकाकुल: समस्त परिवार." खाली काकांचा पत्ता.

नाव टाकलं नाही. सूर्याच्या फोटोखाली कुणी 'सूर्य' असं लिहितं का?

रविवारी सकाळी सातला मी तो मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. मग काकांच्या ऑफिसवाल्यांच्या, मग आमच्या नात्यातल्या, मग भजनी मंडळाच्या. पोहे खाऊन येईपर्यंत शेकडो हात जोडलेले होते. ॐ शांति, ॐ शांति, ॐ शांति. मी थक्क झालो. दिलरंजनवर लोकांचं इतकं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं.

काहींनी प्रश्नही विचारले. मी शिक्षक माणूस, सगळ्यांना उत्तरं दिली.

"भिया, अचानक कैसे?"

"हार्ट," मी लिहिलं. दिलरंजन हार्टनेच गेला होता, एवढं मला माहीत होतं.

"अंतिम यात्रा में बुलाया तक नहीं?"

हा प्रश्न जरा विचित्र वाटला. पण भक्त माणूस, भावनेच्या भरात लिहितो. मी लिहिलं, "माफ करना भिया, तब मैं पैदा भी नहीं हुआ था." त्यावर पलीकडून पुन्हा जोडलेले हात आले.

"काकी कैसी हैं?"

"ठीक हैं. सुबह से साबूदाना भिगो रही हैं."

तीन वाजता मी फ्लेक्सवाल्याकडून तो फोटो चार फुटी करून आणला, हॉलमध्ये टांगला, झेंडूचा हार घातला. काकू स्वयंपाकघरात, काका आतल्या खोलीत, दार बंद. पावणेचारला मी फाटक उघडलं.

बाहेर गल्ली भरली होती.

पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या. स्कूटर लालबाग राजवाड्याच्या बाजूपर्यंत लावलेल्या. पाणी खात्याचे लोक मिनीबस करून आले होते. भजनी मंडळ पेटीसकट. आणि सगळ्यांच्या मागे, काठी टेकत, गेंदालालजी.

गेंदालालजींबद्दल सांगायला हवं. ते काकांच्या समोरच्या घरात राहतात आणि काकांशी वीस वर्षं बोलत नाहीत. कारण सिनेमाच. गेंदालालजी दुसऱ्या एका हीरोचे भक्त. एकदा सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत कचोरी खाता खाता, दोघांत कोण मोठा यावर वाद पेटला. काकांनी हातातली कचोरी गेंदालालजींच्या झब्ब्यावर ठेवली. (काका म्हणतात, ठेवली. गेंदालालजी म्हणतात, मारली.) तेव्हापासून एकमेकांच्या घरी पाऊल नाही. आणि आज हे दिलरंजनच्या उठावन्याला? माझा ऊर भरून आला. मी त्यांना हात धरून आत आणलं.

"बेटा सुधीर," ते म्हणाले, "हिम्मत रख."

"रखी है जी," मी म्हणालो.

तोवर बायका काकूपर्यंत पोहोचल्या होत्या. शेजारच्या भाभींनी तिला मिठी मारून हुंदका दिला. काकूच्या हातात झारा होता, तो वर धरून ती उभी राहिली.

"काकी, बहुत अच्छे थे."

"असतील," काकू म्हणाली. "सच बोलूं? मेरे को तो कभी पसंद ही नहीं आए."

भाभी मागे सरकल्या. दुसऱ्या एक जणी म्हणाल्या, "ऐसा नहीं बोलते काकी. अब तो चले गए."

"गए तो गए. इतने साल हो गए, घर में हर साल यही तमाशा. माझा तर साबूदाण्यात जीव गेला. आप लोग खाके जाना हाँ, शेव भी है."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. 'धक्का बसलाय' असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि पुन्हा मिठ्या सुरू झाल्या. त्यातून सुटून काकू हॉलमध्ये आली, तिने फोटोकडे पाहिलं, आणि झारा माझ्या सदऱ्यावर टेकवून म्हणाली,

"सुध्या, ह्यांना हार का घातलास?"

"दिलरंजनला? दर वर्षी घालतात ना?"

"हा दिलरंजन?"

"मग कोण?"

"हनुवटीवर खोक दिसते? सायकल चालवता चालवता केस विंचरायला गेले तेव्हा पडले होते. हाच फोटो मला दाखवायला आणला होता तुझ्या आजीने. ह्या फोटोला फसले मी. मी नाही ओळखणार?"

मी फोटोकडे पाहिलं. मग काकूकडे. मग पुन्हा फोटोकडे. जन्मापासून ज्यांच्या मांडीवर वाढलो, त्या काकांना मी ओळखलं नव्हतं, कारण फोटोत त्यांना चष्मा नव्हता आणि ते गप्प होते. बाकी सगळ्या गल्लीने मात्र पहिल्या नजरेत ओळखलं होतं. तीन दिवस सुतकामुळे त्यांना कुणी बाहेर पाहिलेलं नव्हतं. मोबाइल बंद होता. आणि "हार्ट" असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," काकू म्हणाली. "मी जाते बाई आत. खिचडी लागेल खाली."

मी काकांच्या दाराशी धावलो. फटीला तोंड लावून कुजबुजलो, "काका, मी सुध्या. आज बाहेर येऊ नका."

आतून दोन टकटक. मौनात एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"काका, ऐका माझं. एक छोटी गडबड झाली आहे."

दाराखालून कागद आला. त्यावर लिहिलं होतं: "किती आले?"

मी खाली वाकून लिहिलं: "दोनशे." कागद आत सरकवला. मग कागद परत आला. "शपथ?" मी लिहिलं, "शपथ." आणि आतून नाक ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. काका रडत होते. दोनशे माणसं दिलरंजनसाठी आली म्हणून आमचे काका दाराआड लहान मुलासारखे रडत होते, आणि ही माणसं कुणासाठी रडतायत हे मला त्यांना सांगायचं होतं. मी पेन उचललं. पेन खाली ठेवलं. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण एवढा कठीण पेपर मी कधी काढला नव्हता.

लोकांनाच सांगावं म्हणून वळलो, तर गेंदालालजी उठून उभे राहिले होते. हातात माइक. (माइक भजनी मंडळाने आणला होता. हे लोक तयारीनिशी येतात.)

"दत्तू मेरा दोस्त था," ते म्हणाले. "बीस साल मैं उससे बोला नहीं. क्यूं? एक कचोरी के पीछे. आज वो सुनने को नहीं है, पर मैं सबके सामने बोलता हूँ. दत्तू, तू सही था यार. दिलरंजन ही बड़ा था."

दाराची कडी निघाली.

पांढरा सूट, गळ्यात रुमाल, उरलेल्या पंधरा-वीस केसांची शिस्तीत काढलेली बट, दोन्ही हातांत मखमलीवर कंगवा. काका उंबऱ्यात उभे राहिले. तीन दिवसांचं सुतक आणि सकाळपासूनचं मौन त्यांनी एका वाक्यात सोडलं.

"गेंदा, जरा फिर से बोल."

पुढच्या दोन मिनिटांचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण त्यातलं एक मिनिट मी टेबलाखाली होतो. पेटीवाला पेटीवर बसला. ती वाजली. पाणी खात्याचे एक साहेब उभे राहून "सर" म्हणाले आणि खाली बसले. एका रिटायर डॉक्टरांनी पुढे होऊन काकांची नाडी धरली, घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "चल रही है." गेंदालालजींनी माइक सोडला नाही. त्यामुळे त्यांचे दात वाजत होते ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

काकांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त माणसं दिसत होती. खुर्च्यांवर, जिन्यावर, खिडकीत. ते गहिवरून म्हणाले, "आपण सगळे आलात. मी तर समजत होतो, तो गेला. पण नाही. तो अभी भी यहीं है."

"दिख रहा है भिया," मागून कुणीतरी म्हणालं.

मग कंगवा ठेवायला काका फोटोकडे वळले.

चार फुटी दत्तात्रय, झेंडूच्या हारात, गालांवर लाली. खाली अस्सल दत्तात्रय, हातात कंगवा. दोघांच्याही कपाळावर तीच बट. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातली खिचडी ऐकू येऊ लागली.

"सुध्या," काका म्हणाले. "हा कोण आहे?"

"दिलरंजन," मी टेबलाखालून म्हणालो.

"बाहेर येऊन सांग."

मी बाहेर आलो. "काका, तुम्ही आहात."

"ते मला दिसतंय. तू लावताना काय समजून लावलास?"

"दिलरंजन समजून."

"शपथ?"

"शपथ, काका. अख्ख्या अल्बममध्ये हाच हीरो वाटला."

काकांनी चष्मा काढला, गळ्यातल्या रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता कंगवा माझ्या डोक्यावर पडणार. पण ते लोकांकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पन्नास साल से बाल बना रहा हूँ. आज पहली बार किसी ने पहचाना." मग माझ्याकडे बोट केलं. "कम्प्यूटर पढ़ाता है ये. इसकी नज़र धोखा नहीं खाती."

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण गेंदालालजींच्या हातात अजून माइक होता.

"मैंने जो बोला, वो मरे हुए के लिए बोला था," ते म्हणाले. "ज़िंदा है तो वापस."

"दो सौ गवाह हैं," काका म्हणाले.

"गवाह? अरे ये दो सौ तो तेरे लिए आए हैं दत्तू. तेरे दिलरंजन के लिए कितने आए, वो बता."

काकांचा चेहरा उतरला. हातातला कंगवा त्यांनी मुठीत आवळला. मला नर्मदा दिसायला लागली. काका तसे पक्के माणूस आहेत, बोलले म्हणजे करणारच. त्यांनी लोकांकडे न पाहताच विचारलं, "जो दिलरंजन के लिए आए हों, हाथ उठाओ."

चार हात वर गेले. त्यात मीटरवाला होता. (त्याला खिचडी आवडली होती.) मी दोन्ही हात वर केले, गेंदालालजींनी एक खाली करायला लावला. पाच.

तेवढ्यात काकूने खिचडीची परात आणून टेबलावर आदळली. आता उठावन्याला कुणी खात नाही, तशी पद्धतच नाही. पण ज्याचा उठावना तोच समोर उभा असेल तर खायला हरकत नाही, असं भजनी मंडळाने ठरवलं आणि प्लेटा फिरल्या. शेव पडली. आणि खाता खाता, कसं कोण जाणे, पाणी खात्याच्या साहेबांनी चमचा वर केला. "मैंने एक पिक्चर देखी थी उनकी. भाई साब, क्या बाल थे." मग पेटीवाल्याने चमचा वर केला. मग एक आजोबा, मग त्यांची बायको. काकू झाऱ्याने मोजत होती. अकरा. सोळा. एकवीस. तेवीसवर थांबलं. काका खाली बघत होते.

गेंदालालजींनी दोन घास खाल्ले, थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि काठी वर केली. "मेरावाला बड़ा था," ते म्हणाले. "पर तेरावाला भी बुरा नहीं था."

चोवीस.

हॉलमधला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे बघत होता. शेवटी काकूने एक सुस्कारा सोडला आणि झारा वर केला.

"मला तो कधी आवडला नाही," ती म्हणाली. "पण तो कंगवा नर्मदेत गेला, तर हे माझा वापरतील."

पंचवीस. काकांनी कंगवा मखमलीवर ठेवला, आणि पहिला नमस्कार गेंदालालजींनी केला. (वाकून नाही. नुसतं बोट लावलं. पण लावलं.)

सहाच्या सुमाराला सगळे गेल्यावर आम्ही चहा घेत बसलो. चार फुटी फोटो काढायला काका तयार नव्हते, नुसता हार काढू दिला. गेंदालालजी वीस वर्षांनी त्याच घरात पाय पसरून बसले होते आणि पुढच्या वर्षीची योजना आखत होते.

"हर साल तो दत्तू मर नहीं सकता," ते म्हणाले. "लोग मानेंगे नहीं."

"अगले साल सुध्या का फोटो डालते हैं," काका म्हणाले.

काकू कपात चहा ओतता ओतता थांबली. "त्याच्यासाठी येतील का पंचवीस?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मोठ्याने हसलो, चहा संपवला, नमस्कार करून निघालो. मग स्कूटरवर बसल्यावर, सहज, गंमत म्हणून, मनातल्या मनात माणसं मोजायला लागलो.

लालबागच्या फाटकापर्यंत तेवीस झाली. त्यात मी मलाही धरलं होतं.